मिस ऑगस्टांचा बाप्तिस्मा

सेंट टिमथीच्या मंडळीत देवाच्या खालोखाल धाक होता तो मिस ऑगस्टा टॉलिव्हर यांचा. पाळक आले आणि गेले, बिशप बदलले, छत दोनदा नवं झालं. मिस ऑगस्टा वेदीची कापडं-भांडी सांभाळणाऱ्या बायकांच्या वेदीमंडळाच्या प्रमुख म्हणून जागच्या जागी होत्या. वेदीच्या कापडाला सुरकुती राहिली, किंवा कुणी डावीकडची मेणबत्ती आधी पेटवली, तर त्या रागावत नसत. नुसत्या बघत. ज्याच्याकडे बघत तो पुढचे दोन रविवार मागच्या दाराने येई.

जूनच्या सुरुवातीला, पेंटेकॉस्टच्या सणाच्या रविवारी शेल्बी हेनीच्या मुलीचा, मेबलचा, बाप्तिस्मा होता. शेल्बीचा नवरा नौदलात, जहाजावर. म्हणून धर्मपिता म्हणून उभा राहणार होता तिचा भाऊ क्लेटन. क्लेटन खेकडे आणि कालवं धरणारा, सहा फुटांच्या वर उंच, उन्हाने रापलेला गडी. त्या दिवशी बिचारा लाल टाय घालून आला होता. चर्चच्या पायरीवरच मिस ऑगस्टांनी त्याला गाठलं.

"काय रे क्लेटन, तुझा स्वतःचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चात झाला?"

"कुठल्याच नाही, मॅम. डॅडी रविवारी होडीचं काम काढायचे. राहूनच गेलं."

"मग तू धर्मपिता कसा होणार? ज्याला स्वतःला पाणी लागलं नाही, तो दुसऱ्याची हमी काय घेणार?"

"पाण्यातच असतो की मी दिवसभर, मॅम."

"ते पाणी वेगळं," मिस ऑगस्टा म्हणाल्या.

नियम त्यांच्या बाजूने होता, यात वाद नाही. पण तो त्यांनी सांगितला तो पायरीवर, आणि आवाज असा की दारातून आत जाणारी निम्मी मंडळी थबकली. क्लेटन जाऊन मागच्या बाकावर बसला. मेबलची धर्ममाता म्हणून आलेली शेल्बीची मैत्रीण एकटीच पुढे उभी राहिली. पाळक रेव्हरंड थिया यांना हे कळलं तेव्हा त्या झगा चढवत होत्या आणि ऑर्गन सुरू झाला होता. त्या मूळच्या मिनेसोटाच्या. अशा वेळी काय बोलावं हे त्यांना व्हर्जिनियात येऊन सात वर्षं झाली तरी पटकन सुचत नसे.

दुपारी घरी जेवताना मिस ऑगस्टांनी हा सगळा प्रसंग बहिणीला ऐकवला. मिस विनी त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या; लग्न झालेल्या म्हातारीलाही गाव मिसच म्हणे. नवरा गेल्यापासून त्या इथेच राहत, आणि गुडघ्यांमुळे चर्चला कधी जात, कधी नाही. तोंडाला मात्र काही झालं नव्हतं. हॅम घातलेलं, पावासारखं मऊ बिस्किट खाता खाता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू त्या पोराला हाकललंस."

"हाकललं नाही. नियम सांगितला."

"तूच?"

"मीच म्हणजे?"

"नाही, म्हणजे..." मिस विनींनी बोटावरचं लोणी चाटलं. "तुझा तरी कुठे झालाय?"

मिस ऑगस्टा हसल्या. थोरल्या बहिणीचं डोकं अधूनमधून भरकटतं हे त्यांनी डॉक्टरांना मागेच सांगितलं होतं. त्यांनी पियानोवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. लेसचा पायघोळ झगा, टोपी, आणि मध्ये एवढुसा रागीट चेहरा. "मग हे काय आहे?"

"तो झगा आहे, ऑगी. झगा घातला. बाप्तिस्मा नाही झाला."

आणि मग पेअरच्या झाडाची गोष्ट निघाली. मिस ऑगस्टांना उभ्या जन्मात कुणी सांगितलं नव्हतं ते असं, की त्यांच्या वडिलांचं आणि त्या वेळच्या पाळकाचं कुंपण एकच होतं. झाड यांचं, फांद्या त्यांच्याकडे. पाळकाने फळं काढली. वडिलांनी त्याला चोर म्हटलं. पाळकाने दहा आज्ञांमधली शेजाऱ्याच्या मालाचा लोभ धरू नये ही आज्ञा त्यांना तोंडावर म्हणून दाखवली. हे झालं शनिवारी. रविवारी बाप्तिस्मा. वडील म्हणाले, त्या माणसाचा हात माझ्या मुलीच्या डोक्याला लागणार नाही. पण रिचमंडहून पाहुणे येऊन बसले होते, केक झाला होता, फोटोवाला ठरला होता. आईने बाळाला झगा घातला, पाहुण्यांना सांगितलं की पाळकाला बरं नसल्यामुळे सकाळीच घाईघाईने उरकलं, आणि सगळे जेवायला बसले.

"आणि नंतर?"

"नंतर तो पाळक गेला, नवा आला. आईला त्याला सांगायची लाज वाटली. मग तू बारा वर्षांची झालीस, बिशपने डोक्यावर हात ठेवून मंडळीत पक्कं केलं, तेव्हा आई म्हणाली, आता झालंच आहे सगळं, कशाला उकरायचं."

मिस ऑगस्टा मग उठल्या, ओट्यापाशी गेल्या आणि काचेच्या वाटीत पाणी घेऊन आल्या.

"विनी, तुझा तर झालाय ना?"

"माझा झालाय. तेव्हा झाड लहान होतं."

"मग उठ. अडचणीच्या वेळी कुणीही बाप्तिस्मा झालेला माणूस देऊ शकतो. डोक्यावर ओत आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही तीन नावं म्हण."

"ते मरणाच्या दारातल्या माणसासाठी ना गं? तूच शिकवतेस सगळ्यांना."

"मी एकोणऐंशी वर्षांची आहे. दार काही फार लांब नाही."

"आत्ता तीन बिस्किटं खाल्लीस. तुला काही होत नाही. आणि माझे गुडघे उठवत नाहीत." मिस विनींनी वाटी जवळ ओढली आणि त्यातलं पाणी पिऊन टाकलं.

पुढच्या रविवारपासून मिस ऑगस्टा भाकर-द्राक्षारसाच्या प्रभुभोजनाला वेदीसमोरच्या कठड्याशी जाईनाशा झाल्या. ज्याचा बाप्तिस्मा नाही त्याला भाकर नाही, हे त्यांनीच पाहुण्यारावळ्यांना इतक्यांदा समजावलं होतं की आता स्वतःला सूट देणं शक्य नव्हतं. सगळी रांग पुढे जाई, गुडघे टेकी, परत येई. मिस ऑगस्टा आपल्या बाकावर हात जोडून ताठ. वेदीमंडळाचं काम तेवढं सोडलं नाही. देवाचा काय निर्णय व्हायचा तो होवो, पण कापडं दुसऱ्या कुणी धुतलेली त्यांना बघवली नसती.

गाव लहान. पहिल्या रविवारी लोकांना वाटलं, पोट बिघडलं असेल. तिसऱ्या रविवारी पोस्टात बोलणं झालं की पाळकबाईंशी बिनसलंय. महिन्याभरात माशांच्या जत्रेत अशी खबर होती की मिस ऑगस्टा बॅप्टिस्टांच्या चर्चात चालल्यात आणि तिकडे त्यांना ऑर्गनजवळची जागा मिळणार आहे.

शेवटी रेव्हरंड थिया स्वतः घरी आल्या. सोबत आजाऱ्यांकडे न्यायची चामडी पेटी होती. तीत भाकर, द्राक्षारसाची छोटी बाटली आणि पवित्र तेलाची डबी.

"मिस ऑगस्टा, बरं नसेल तर मी इथेच प्रभुभोजन देते."

"मला काही झालेलं नाही."

"मग कपाळाला तेल लावून प्रार्थना करूया? कधी कधी आजार आतला असतो."

"आत-बाहेर सगळं ठणठणीत आहे."

पाळकबाईंनी पेटी मिटली. "मग माझ्यावर राग आहे. उपासनेत मी आणलेली ती गिटार ना?"

"गिटारचा राग आहेच," मिस ऑगस्टा म्हणाल्या. "पण हे ते नाही."

"सांगून टाक ना, ऑगी!" स्वयंपाकघरातून मिस विनी ओरडल्या. "नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलं की ते पोस्टात जातं!"

मग सांगावं लागलं. पेअरच्या झाडापर्यंत पाळकबाईंनी चेहरा सांभाळला. 'केक झाला होता' इथे त्यांनी बर्फाच्या चहाचा ग्लास तोंडाला लावला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

"यात लाजायचं काय?" घसा साफ करून त्या म्हणाल्या. "येत्या रविवारी देऊया बाप्तिस्मा."

"रविवारी नाही. मंगळवारी. सकाळी. दारं लावून."

"तुम्हीच शेल्बीला म्हणाला होतात ना, की बाप्तिस्मा म्हणजे घरगुती वाढदिवस नव्हे, तो अख्ख्या मंडळीसमोर होतो?"

"माझीच वाक्यं मला ऐकवू नका, रेव्हरंड."

"मग कुणाची ऐकवू? मंडळीत दुसरं कुणी इतकं ठाम बोलत नाही."

तेवढ्यात मिस विनी काठी टेकत दारात आल्या. "एक मात्र आहे हं," त्या म्हणाल्या. "मी त्या उन्हाळ्यात नंतर महिनाभर आत्याकडे होते. त्या वेळी आईने दुसऱ्या कुणाकडून गुपचूप उरकलं असेल तर मला माहीत नाही. आई तशी धूर्त होती."

"विनी! मग आधी का नाही बोललीस?"

"तू कुठे विचारलंस? तू एकदम वाटीच आणलीस."

पाळकबाईंनी समजावलं की अशा वेळेसाठी प्रार्थनापुस्तकात सोय आहे. पाळक म्हणतो, जर तुझा आधी बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला तो देतो. मिस ऑगस्टांना हे मुळीच पसंत पडलं नाही.

"जर? देवाच्या समोर 'जर'? हे काय इन्शुरन्सचं बोलणं आहे?"

"झालाय की नाही ते देवाला माहीत आहे, मिस ऑगस्टा. आपल्याला माहीत नाही. तो 'जर' आपल्यासाठी आहे."

 मिस ऑगस्टांना उत्तर नसलेली वाक्यं आवडत नसत, म्हणून त्यांनी विषय तारखेवर नेला. येत्या रविवारी वगैरे काही नाही. बाप्तिस्म्याचा पुढचा योग्य दिवस म्हणजे सर्व संतांचा रविवार, नोव्हेंबरात. त्याआधी नाही.

"आणि तोवर तुम्हाला काही झालं तर?"

"तर विनी आहे. वाटी धुऊन ठेवली आहे."

"तोवर तयारीच्या वर्गाला यावं लागेल," पाळकबाई म्हणाल्या. "नियम आहे."

ऑक्टोबरात दर गुरुवारी पाळकबाईंच्या मागच्या व्हरांड्यात वर्ग भरायचा होता. पहिल्या गुरुवारी मिस ऑगस्टा मोत्यांची माळ घालून, वेळेआधी पोचल्या. व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या होत्या. एकीत क्लेटन बसला होता. पेंटेकॉस्टनंतर पाळकबाई त्याच्या धक्क्यावर गेल्या होत्या, माफी मागायला. बोलता बोलता तो म्हणाला, मग द्याच मला बाप्तिस्मा. हे मिस ऑगस्टांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या का येताहेत हे क्लेटनला.

तो उभा राहिला, टोपी काढली. "मॅम, तुम्ही शिकवणार का आम्हाला?"

"नाही." त्या बसल्या. हातातली पर्स मांडीवर सरळ केली. "मीही शिकायलाच आले आहे."

क्लेटनला उमगायला थोडा वेळ लागला. उमगलं तेव्हा त्याच्या रापलेल्या चेहऱ्यावर हसू कानापर्यंत पसरलं, पण आवाज त्याने अगदी अदबीचा ठेवला.

"मग, मिस ऑगस्टा, तुमचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चात झाला नाही?"

"ह्याच," मिस ऑगस्टा म्हणाल्या. "आणि तुझ्यापेक्षा चाळीस वर्षं आधीपासून नाही झाला. तेव्हा मान ठेव."

पाळकबाई चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा क्लेटन गुडघ्यांवर वाकून हसत होता आणि मिस ऑगस्टा नदीकडे बघत होत्या.

वर्गात मिस ऑगस्टांना सगळं येत होतं. तीच पंचाईत होती. पाळकबाईंनी प्रश्न पुरा करायच्या आत त्यांचं उत्तर तयार. तिसऱ्या गुरुवारी मात्र पाळकबाईंनी प्रश्न विचारला तो पाठांतराचा नव्हता. बाप्तिस्मा कशासाठी हवा आहे, ज्याने त्याने आपलं सांगा.

मिस ऑगस्टांनी तोंड उघडलं आणि मिटलं. क्लेटनच बोलला.

"मेबल दिवस भरायच्या आधी झाली, मॅम. एवढीशी. काचेच्या पेटीत ठेवली होती. शेल्बीला ताप, तिचा नवरा समुद्रावर. मी रोज जाळी ओढून झाली की तिकडे जाऊन बसायचो. नर्स म्हणायची, पेटीच्या भोकातून बोट आत घाला. मी घालायचो. ती धरून ठेवायची." त्याने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. "ती जगली तेव्हा मला वाटलं, ह्या पोरीच्या मागे आपण उभं राहायचं. एवढंच. बाकी मला चर्चातलं काही कळत नाही. टाय पण उधारीचा होता."

 खाली कुणाची तरी होडी फटफट करत गेली.

"नियम बरोबर होता," मिस ऑगस्टा म्हणाल्या.

"हो, मॅम."

"मी चुकले."

पाळकबाईंनी कप खाली ठेवला. सेंट टिमथीत हे वाक्य ह्या आवाजात आधी कुणी ऐकलं नव्हतं.

"पायरीवर विचारायला नको होतं. लोकांसमोर. बाजूला घेऊन विचारलं असतं तर तुला रेव्हरंडकडे पाठवता आलं असतं, आणि त्या दिवशी तुझ्याही डोक्यावर पाणी पडलं असतं. पाणी तिथेच होतं. मीच भरलं होतं."

"जाऊ द्या, मॅम."

"जाऊ देऊ नकोस इतक्यात. मला नीट म्हणू दे. माफ कर, क्लेटन."

"केलं," क्लेटन म्हणाला. मग म्हणाला, "आता तुम्ही सांगा ना. तुम्हाला कशाला हवा?"

मिस ऑगस्टांनी पर्सची कडी दोनदा उघडली, दोनदा लावली. "मी इतकी वर्षं देवाच्या घरात भांडी घासतेय," त्या म्हणाल्या. "मला जेवायचं आहे."

धर्ममाता म्हणून कुणाला विचारावं हा प्रश्न उरला होता. बरोबरीच्या सगळ्या मैत्रिणी चर्चच्या मागच्या आवारात दगडाखाली गेलेल्या. मिस ऑगस्टा एका सकाळी शेल्बीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. शेल्बीच्या कडेवर मेबल होती आणि कपाळावर आठी.

"तुझ्या भावाच्या बाजूला तू उभी राहणारच आहेस," मिस ऑगस्टा म्हणाल्या. "दुसरा हात मोकळा असेल तर माझ्याही खांद्यावर ठेवशील का, हे विचारायला आले."

शेल्बीने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. "धर्ममाता म्हणजे मी तुम्हाला सांभाळायचं ना? वळण लावायचं?"

"तसा अर्थ होतो."

"मग मी म्हणेन ते ऐकावं लागेल."

"शक्य असेल तेवढं."

"आधी आत या आणि बसा," शेल्बी म्हणाली. "दारात उभं राहून बोलू नये."

सर्व संतांच्या रविवारी चर्च भरलं होतं. दोन बॅप्टिस्टसुद्धा आले होते, खबर खोटी निघाल्याची खात्री करायला. मिस विनी पहिल्या बाकावर, मांडीवर मेबल. क्लेटनचा टाय या वेळी स्वतःचा होता. मिस ऑगस्टांनी आदल्या दिवशी केस सेट करून घेतले होते, आणि ते पाण्यासाठी केले होते की पाण्याविरुद्ध, यावर वेदीमंडळात मतभेद होते.

विधीतला सैतानाचा धिक्कार क्लेटनने हळू आवाजात केला, मिस ऑगस्टांनी खणखणीत. मग पाळकबाई मंडळीकडे वळल्या आणि विचारलं, या दोघांना आधार द्यायला तुम्ही सगळे तयार आहात का? हा प्रश्न मिस ऑगस्टांनी किती लेकरांच्या वेळी ऐकला असेल त्याला गणती नव्हती. त्या नेहमी उत्तर देणाऱ्यांत असत, आणि निम्मं लक्ष डोकं पुसायच्या टॉवेलकडे. आपल्याबद्दल तो विचारला जात असताना मंडळीकडे पाठ करून उभं राहायचं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. क्षणभर त्यांना खरंच वाटलं, कुणी काही बोलणार नाही. ज्यांच्याकडे आपण नुसतं बघितलं ते सगळे मागे बसलेत.

"आहोत!"

खिडकीची काच थरथरली. इतका मोठा आवाज लागत नव्हता. त्यात थोडी गंमतही होती, जुनी उट्टीही असतील. पण कुणी गप्प राहिलं नव्हतं. शेल्बीचा हात खांद्यावर होता. तो तिने जरा दाबला.

क्लेटनला वाकावं लागलं. मग मिस ऑगस्टा. पाळकबाई म्हणाल्या, "ऑगस्टा मार्गारेट, जर तुझा बाप्तिस्मा आधी झालेला नसेल..." आणि तो 'जर' त्यांनी इतक्या हळुवारपणे म्हटला की तो टोचलाच नाही. पित्याच्या नावाने पाणी पडलं, पुत्राच्या नावाने पडलं, पवित्र आत्म्याच्या नावाने पडलं, आणि नेहमीसारखं शिंपल्यात मावेल तेवढं नव्हे, ओंजळ ओंजळ. केस सपाट झाले. पाणी कॉलरातून पाठीत उतरलं. आणि टॉवेल नव्हता. मुख्य बाईच पाण्याखाली उभी असल्यामुळे तो ठेवायचं सगळ्याच जणी विसरल्या होत्या. क्लेटनने खिशातून रुमाल काढून दिला. त्याला डिझेलचा आणि नदीचा वास होता. मिस ऑगस्टांनी त्याने तोंड पुसलं. नुसतं पाणीच पुसत होत्या असं नाही.

पाच महिन्यांनी त्या कठड्याशी गेल्या. गुडघे टेकायला क्लेटनने कोपर धरलं. हातावर भाकर ठेवली गेली तेव्हा त्या 'आमेन' म्हणाल्या ते इतकं हळू की पाळकबाईंनाच जेमतेम ऐकू आलं.

उपासना संपल्यावर सवयीने त्या भांडी आवरायला आतल्या खोलीकडे निघाल्या. शेल्बी वाटेत उभी होती.

"कुठे?"

"भांडी..."

"आज नाही. बाहेर उन्हात बसा. केस ओले आहेत, सर्दी होईल."

"शेल्बी, ती कापडं..."

"मिस ऑगस्टा."

मिस ऑगस्टा बाहेर गेल्या. आवारात मोठ्या ओकखाली बाक होता, त्यावर बसल्या. काही न करता रविवारी बसून राहायचं कसं, हे त्यांना येत नव्हतं. हात कुठे ठेवावेत हेही समजेना. शेल्बीने येऊन मेबलला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि कॉफीकडे निघून गेली. मेबलने आधी मोत्यांची माळ चाखून पाहिली, मग ओले केस मुठीत धरून ओढले, आणि मग त्यांच्या खांद्यावर लाळ गाळत झोपून गेली.

बऱ्याच वेळाने मिस विनी काठी टेकत आल्या. "चल ऑगी, आत हॅम संपत आलंय. आणि सगळे विचारताहेत तुला."

"विचारू देत," मिस ऑगस्टा कुजबुजल्या. "मूल झोपलंय, दिसत नाही का? तूच घेऊन ये माझ्यासाठी. आणि हळू बोल."